चौथ्या मजल्यावरची एकविसावी जागा

तर वकील काही खांब सोडेना. काल चहा आला आणि गोष्ट तिथंच अडली, म्हणून आज तिथूनच उचलतो. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून वकील उभा, आणि म्हणतोय, "हा माझ्या ऑफिसच्या मधोमध आहे. इथं मला खुर्ची मांडता येत नाही, कपाट ठेवता येत नाही, मग हा माझ्या क्षेत्रफळात कसा धरता?" त्याच्यासमोर आमचा सूतभर. हातात मोजायचं यंत्र, काखेत पुस्तक, चेहरा पुसलेल्या पाटीसारखा. तो म्हणाला, "साहेब, खांब काढला तर वरचा मजला तुमच्या टेबलावर येईल. खांब वजा करत नाहीत. पान बावीस." वकिलानं पान बावीस वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग खांब सोडला आणि म्हणाला, "तुम्ही माणूस आहात की फूटपट्टी?"

सूतभरनं नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते वकिलाला कळलं नाही आणि मलाही नाही. मी त्याच खोलीत, समोरच्या भिंतीला पांढरा पुठ्ठा लावून उभा होतो.

सूतभर म्हणजे आमच्या खालच्या घरात राहणारा. पंचेचाळिशीचा असेल. धंदा मोजणीचा, पण शेताच्या बांधावर साखळी ओढणारा नव्हे. दुकानं, ऑफिसं, दवाखाने असलेल्या मोठाल्या इमारतींचे मजले मोजणारा. त्याला नाव आहे, पण घेतं कोण? सुतार आणि गवंडी इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. हा बाबा कुठल्याही दारासमोर उभा राहिला की म्हणणार, "सूतभर तिरकं आहे." आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यानं आमच्या भिंतीवरच्या आरशाकडे बघून तेच म्हटलं. त्या दिवसापासून तो सूतभर. बायको धरून सगळे तसंच म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, मजला मोजायचा त्यात एवढं पुस्तक कशाला? लांबी घ्यावी, रुंदी घ्यावी, गुणावं. मलाही तसंच वाटायचं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला वर्गाची खोली मोजायला लावायचे, छडीनं. जमिनीवर छडी ठेवत जायचं आणि मोठ्यानं आकडे म्हणायचे. पण ती छडी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर मोडायची, आणि गुरुजी उरलेला तुकडा वापरायचे. त्यामुळे चौथीत आमचा वर्ग बारा छड्या लांब होता आणि सातवीत सोळा. खोली वाढते कशी, असं मी विचारलं तेव्हा ती साडेसोळा झाली. हे सूतभरला सांगितलं तेव्हा तो हसला होता. ही फार जुनी गोष्ट, तेव्हा तो हसायचा. म्हणाला, "काका, आमचा सगळा धंदा तुमच्या गुरुजींच्या छडीपायीच निघाला." एकजण भिंतीच्या आतून मोजतो, दुसरा भिंतीच्या मध्यापासून, तिसरा बाहेरून, आणि तिघंही खरं बोलतात. म्हणून सगळ्यांनी मिळून एक पुस्तक केलं. त्यातल्या नियमांना स्टँडर्ड म्हणतात. खांब धरायचा, लिफ्टचं भोक सोडायचं, जिन्याची पोकळी सोडायची, भिंतीच्या तळाची पट्टी आहे असं समजायचंच नाही. अशी सत्तर-ऐंशी पानं. सूतभरला ती तोंडपाठ.

त्याच्या बायकोला सगळे थोरली म्हणायचे, कारण तिची धाकटी बहीणही त्यांच्याच घरात राहायची आणि अजून राहते. थोरली आणि धाकटी मिळून एक पाळणाघर चालवत. सहा मजल्यांच्या एका ऑफिसांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तिथंच कामाला येणाऱ्या बायका सकाळी पोरं सोडायच्या आणि संध्याकाळी घेऊन जायच्या. थोरलीचा आवाज असा की चौथ्या मजल्यावर तिनं "झोपा" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचे कारकून डुलकी काढायचे. ही माझी थट्टा नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्याच एका कारकुनानं मला सांगितलेली गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी थोरली गेली. सकाळी बरी होती, दुपारी दवाखान्यात नेली, संध्याकाळी आणली ती तशीच. मी त्या दिवसाचं जास्त सांगत नाही. एवढंच सांगतो की सगळे रडले, आणि सूतभर भिंतीला टेकून उभा होता तो उभाच. कुणी बस म्हटलं की बसायचा. कुणी ऊठ म्हटलं की उठायचा. तिसऱ्या दिवशी कामावर गेला. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. आमची ही म्हणाली, "दगड नाही हो, बधिर झालाय. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल होतो तसा."

तो रात्रीचा आमच्याकडे जेवायला येऊ लागला, कारण धाकटी पाळणाघरातून दमून यायची. एकदा भाजीत मीठ घालायचं हिच्या हातून राहिलं. मी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. सूतभर जेवतच होता. हिनं विचारलं, "कशी झालीय?" तो म्हणाला, "छान आहे, काकू." दुसऱ्या दिवशी हिनं मुद्दाम मीठ घातलं नाही. "छान आहे, काकू." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी हात जोडले, "अगं, त्याची परीक्षा चाललीय, पण नापास मी होतोय." मग माझ्यासाठी मीठ परत आलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हाच हिनं मला त्याच्याबरोबर धाडायला सुरुवात केली. कारणं दोन सांगितली. एक, तो एकटा असतो. दोन, "तुम्ही घरी बसून माझं डोकं खाता." दुसरं खरं होतं. त्याच्या यंत्रातून एक लाल ठिपका निघतो, तो समोर जिथं पडेल तिथपर्यंतचं अंतर यंत्र सांगतं. पण समोर काच असली की ठिपका काचेतून आरपार पळून जातो, म्हणून तिथं कुणीतरी पांढरा पुठ्ठा धरावा लागतो. तो मी. या वयात मला नोकरी लागली. वकिलाच्या ऑफिसात मी होतो तो असा.

आणि ते वकिलाचं ऑफिस होतं त्याच सहा मजली इमारतीत. मुद्द्यावर आलो बघा.

झालं होतं असं. त्या इमारतीला नवा व्यवस्थापक आला. चांगला माणूस, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची यादी लागायची. त्यानं जुने कागद काढले तर प्रत्येक मजला वेगळ्या माणसानं, वेगळ्या साली, वेगळ्या पद्धतीनं मोजलेला. सहाही मजले एकावर एक, भिंतीला भिंत, आणि दुसरा मजला पहिल्यापेक्षा मोठा. व्यवस्थापक म्हणाला, "इमारत आहे की कणीस?" त्यानं ठरवलं, सगळी इमारत स्टँडर्डप्रमाणे एकाच माणसानं पुन्हा मोजायची, आणि तोच आकडा सगळीकडे लावायचा. परवाने देणाऱ्या खात्यालाही. काम सूतभरला दिलं.

आता परवान्याचं काय, ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडणार आहे. पाळणाघराच्या परवान्याला नियम असा की दर मुलामागं चाळीस चौरस फूट जमीन पाहिजे. थोरलीच्या पाळणाघराचा आकडा होता आठशे चाळीस. भागा चाळिसानं. एकवीस. बरोबर एकवीस मुलं, ना कमी ना जास्त. आणि हा आठशे चाळीसचा आकडा अकरा वर्षांपूर्वी खुद्द सूतभरनंच काढला होता. चौथा मजला तेव्हा त्याच्याकडे होता.

वाटेत मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्याच घरचं पाळणाघर. ते दुसऱ्या कुणाकडून मोजून घे. उगाच कुणी बोलायला नको."

तो म्हणाला, "दुसरा आला तरी भिंत तिथंच असणार, काका."

आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो ते दुपारी दोनला. मुद्दाम, कारण तेव्हा पोरं झोपलेली असतात आणि मजला मोकळा असतो. लिफ्ट चालवायला तिथं एक बाई आहे. बारीक, गप्प, स्टुलावर बसलेली. तिची तीन वर्षांची पोरगी याच पाळणाघरात. तिला सगळे बटण म्हणतात, कारण आईच्या कडेवर असताना ती लिफ्टची सगळी बटणं दाबून ठेवायची आणि लोक प्रत्येक मजल्यावर थांबत जायचे. बटण सगळ्यांत शेवटी भरती झालेली. एकविसावी.

आत चटयांवर एकवीस पोरं आडवी. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. धाकटी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. आम्हाला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. आम्ही चपला बाहेर काढल्या. सूतभरनं लांबी घेतली, खिडक्यांच्या बाजूनं. तीस फूट. वहीत लिहिलं. मग रुंदी घ्यायला मला खिडकीशी पाठवलं. मी काचेवर पुठ्ठा धरला. ठिपका आला, मी खूण केली, तो लिहायला लागला आणि थांबला.

म्हणाला, "काका, थोडं थांबा." हेही कुजबुजत.

तो खिडकीशी आला. तिथली खिडकी कशी आहे ते नीट ऐका. खाली अडीच फुटांची भिंत, नऊ इंच जाड. तिच्या वर काच, पण काच बसवलीय भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे काचेच्या अलीकडे नऊ इंचांचा कट्टा राहतो. धाकटीनं त्यावर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. प्रश्न असा की खोली कुठं संपते? भिंतीशी की काचेशी? स्टँडर्ड सांगतं, जमिनीपासून छतापर्यंतच्या उंचीत निम्म्याहून जास्त काच असेल तर काचेपर्यंत मोजा. तेवढी नसेल तर खालच्या भिंतीपर्यंत. तिथं थांबायचं.

सूतभरनं काच मोजली. चार फूट दहा इंच. जमीन ते छत मोजलं. नऊ फूट दहा इंच. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मला मोजायला लावलं. मी काही त्याच्यापेक्षा वेगळं वाचणार होतो का? नऊ दहाचं निम्मं चार अकरा. काच एक इंचानं कमी.

त्यानं पिशवीतून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. तिच्यात उंची लिहिली होती नऊ फूट सहा इंच. तिचं निम्मं चार फूट नऊ. काच चार दहा. तेव्हा काच एका इंचानं जास्त भरली होती.

मी त्याच्या कानाशी म्हटलं, "खोली उंच कशी झाली रे? कुणाची छडी मोडली?"

तो खाली वाकला आणि भिंतीवर तळापासून चार बोटं वर एक रंगाची रेघ होती तिच्यावर बोट ठेवलं. मला आठवलं. तिथं आधी टेलिफोनची मोठी यंत्रं होती. खालून वायरी न्यायला जमिनीवर लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या, चार इंच उंच. पाळणाघर आलं तरी फळ्या तशाच होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्या कुरकुरायला लागल्या, पोरं झोपेतून उठायची, म्हणून धाकटीनं काढून टाकल्या. आणि अकरा वर्षांपूर्वी सूतभरनं फळ्यांवर यंत्र ठेवून उंची घेतली होती. फळ्या म्हणजे सामान. उंची इमारतीच्या मूळ जमिनीपासून घ्यायची. हे त्याच्या धंद्यातलं पोरगंही चुकत नाही, असं तो स्वतःच मला पूर्वी कधीतरी म्हणाला होता.

नऊ इंच गुणिले तीस फूट. साडेबावीस चौरस फूट गेले. आठशे चाळीसचे झाले आठशे साडेसतरा. चाळिसानं भागा. वीस मुलं आणि वर साडेसतरा फूट. साडेसतरा फुटांत एक पोर आरामात लोळतं, पण परवान्यात मावत नाही.

तो पोरांच्या छोट्या स्टुलावर बसला. गुडघे छातीशी आले. धाकटीला म्हणाला, "एकवीसचे वीस होतील."

पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. आयुष्यात बरीच भांडणं बघितली, दोन-चार लावलीही, पण असं भांडण बघितलं नाही. धाकटीचे डोळे मोठे होत होते, हात हलत होते, आणि आवाज पंख्यापेक्षा खाली.

"म्हणजे काय, भावोजी?"

त्यानं सांगितलं. फळ्या, निम्मं, कट्टा, सगळं. पान नंबरासकट.

"या कट्ट्यासाठी? बाटल्या ठेवतो त्या कट्ट्यासाठी?"

"कट्टा जमीन नाही."

"कुणी बघायला येणार आहे का?"

"मी बघितला."

"मग विसरा."

"लिहिलंय."

"खोडा की."

एक पोर कूस बदलून रडायच्या बेतात आलं. धाकटीनं पायानंच त्याला थोपटलं आणि भांडण पुढं चालू ठेवलं.

"बटणची आई दिवसभर त्या डब्यात वर-खाली करते. तिच्याकडे दुसरं कुणी नाही. सांगणार कोण तिला, तुम्ही?"

"सांगतो."

"ताईनं तुमच्याकडे एक जागा मागितली होती. मला आठवतंय. वीस पोरं झाली होती आणि वरच्या मजल्यावरच्या शिपायाचं पोर बाहेर राहत होतं. ती म्हणाली होती, बघा ना, एक बसतंय का. तेव्हा तुम्ही बसवलंत. आता ती नाही म्हणून काढून घेताय."

"मी बसवलं नव्हतं. चुकलं होतं."

"तुमचं चुकतं?" धाकटी हसली, पण ते हसू बघवेना. "पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा आईला म्हणालात, तुमची चौकट सूतभर तिरकी आहे. आई म्हणाली, अहो, मुलगी तरी सरळ दिसते का? तुमचं चुकतं?"

मी मध्ये पडलो. मध्ये पडणं हा माझा जुना रोग. म्हटलं, "हे बघ, फळ्या परत बसवू."

सूतभर म्हणाला, "फळ्या धरायच्या नसतात, काका. तेव्हाही नव्हत्या."

"मग छत खाली आणू. लाकडाचं खोटं छत लावतात ना?"

"तेही धरत नाहीत."

"काच मोठी करू. एक इंच आणि वर सूतभर. मग तर बसेल?"

त्यानं खरंच हिशेब केला. ते मला आजही आठवतं, की त्यानं पेन्सिल घेऊन मनापासून हिशेब केला. म्हणाला, "बसेल. काच चार फूट अकरा इंच आणि वर एक सूत झाली तर बसेल. पण भिंत फोडावी लागेल, आणि ही खिडकी सहाही मजल्यांवर एका रेषेत आहे."

मी तडक खाली व्यवस्थापकाकडे गेलो. चपला घालायच्याही विसरलो. व्यवस्थापकानं माझे पाय बघितले, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजोबा, एका मुलासाठी मी इमारतीचा दर्शनी भाग फोडू?" मी म्हटलं, सगळा नाही, एक इंच. त्यानं पाणी मागवलं, माझ्यासाठी. त्यावरून मला कळलं की नाही म्हणतोय.

परत आलो तर सूतभर लिफ्टपाशी उभा होता. लिफ्टवालीला सांगून झालं होतं. त्यानं कसं सांगितलं, ते मी ऐकलं नाही. ती म्हणाली म्हणे, "ठीक आहे." मग कुठल्या मजल्यावर जायचं ते विचारलं. तो म्हणाला, "पाचवा. पाचवा राहिलाय." आणि आम्ही पाचवा मजला मोजला. मी पुठ्ठा धरत होतो, तो आकडे लिहीत होता.

महिन्यानं परवान्याच्या खात्याच्या बाई आल्या, कागद घेतला, वीस लिहिलं आणि पोरं मोजली. एकवीस भरली. त्या धाकटीला म्हणाल्या, "उद्यापासून वीस." झालं. एवढ्याशा कामाला मिनिटसुद्धा लागलं नाही.

बटण आठ दिवस लिफ्टमध्ये राहिली. आईच्या स्टुलाखाली एक चादर, त्यावर ती. लोकांना पहिले दोन दिवस गंमत वाटली. कुणी गोळी द्यायचं, कुणी नाव विचारायचं. तिसऱ्या दिवसापासून लोक तिच्या डोक्यावरून समोरच्या दाराकडे बघायला लागले. वकिलानं मात्र तिला एक रंगाची पेटी आणून दिली. ज्यानं खांब सोडला नव्हता, तोच. माणसाचं कुठं काय अडकलेलं असतं, सांगता येत नाही. नवव्या दिवशी दारात तिची बोटं चेपता चेपता राहिली, आणि व्यवस्थापकानं यादीत लिहिलं की लिफ्टमध्ये मूल नको.

आमची ही त्या संध्याकाळी धाकटीकडून सगळं ऐकून आली आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन तिला इकडे आणा." मी म्हटलं, "अगं, आपली वयं काय?" ही म्हणाली, "परवाना कुणी मागितलाय आपल्याला?" तेव्हापासून बटण दिवसभर आमच्याकडे असते. तिची आई कामावर जाताना सोडते आणि सुटल्यावर नेते. बटण आमच्या दाराची घंटा दिवसातून चाळीसदा वाजवते आणि ही चाळीसदा "आले" म्हणते.

धाकटी बरेच दिवस सूतभरशी बोलत नव्हती. एकाच घरात राहून, त्याच्या ताटात वाढून. हळूहळू बोलायला लागली, कामापुरतं. पण मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाली, "काका, मला त्यांचा राग नाही. मला फक्त कळत नाही. अकरा वर्षांपूर्वी ते ताईसाठी चुकले असतील, तर आता ती चूक त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली. आणि नुसतेच चुकले असतील, तर मग ताईला त्यांनी कधी काहीच दिलं नाही. दोन्हीत वाईट कुठलं, तेवढं मला सांगा."

मी गोष्टी सांगतो, असलं नाही सांगता येत.

पण ते डोक्यातून जाईना. कारण एक गोष्ट धाकटीला माहीत नव्हती, आणि मला होती. वर्षभर त्याच्याबरोबर पुठ्ठा धरून फिरलो, शंभरावर खोल्या बघितल्या. एकही खोली पुऱ्या आकड्यात आली नाही. प्रत्येक आकड्याला शेपूट. दोनशे बारा आणि पाव, सहाशे एक आणि तीन चतुर्थांश. तो म्हणायचा, "गवंडी माणूस असतो, काका, शेपूट राहतंच. पुरा आकडा आला की मी पुन्हा मोजतो." आणि थोरलीच्या खोलीचा आकडा आठशे चाळीस. चाळिसानं भागून एकवीस, बाकी शून्य. तो त्यानं पुन्हा मोजला नव्हता. मी जुनी वही बघितली होती, तिथं एकच ओळ होती.

काल संध्याकाळी तो कामावरून आला. बटणला न्यायला तिची आई आली होती, जिन्यात त्याची-तिची गाठ पडली. तिनं मान खाली घालून वाट दिली. त्यानंही दिली. दोघं भिंतींना चिकटून उभे, मध्ये जिना रिकामा. बटणनं त्याच्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्यानं यंत्राची कळ दाबून लाल ठिपका भिंतीवर पाडून दाखवला. पोरगी हसली. हा हसला नाही, पण ठिपका बराच वेळ तसाच धरून ठेवला, ती खाली जाऊन दिसेनाशी होईपर्यंत.

मग वर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला. मी विचार करत बसलो नाही, सरळ विचारलं. म्हटलं, "आठशे चाळीस हा आकडा पुरा कसा आला रे? तू तर पुरा आकडा आला की पुन्हा मोजतोस. खरं सांग. तेव्हा तुला माहीत होतं ना?"

त्यानं यंत्र पिशवीत ठेवलं, पिशवीचा बंद बांधला, आणि मग बोलला. त्याचे शब्द आहेत तसे देतो, माझं त्यात काही नाही.

"मी तेच आठवायचा प्रयत्न करतोय, काका. फळ्या होत्या, मी फळ्यांवर उभा होतो आणि तुम्ही आता धरता तसा पुठ्ठा तिनं काचेशी धरला होता. ती म्हणाली, किती आले? मी म्हणालो, एकवीस. मग ती हसली, आणि मी वही मिटली. मला माहीत होतं की नव्हतं, ते मला खरंच आठवत नाही. ती हसली एवढं माहीत आहे, पण तेही नुसतं माहीत आहे. पान बावीस माहीत आहे ना, तसं."